भंगारातल्या पोलादावर ओलांडलेलं वाळवंट

आज आपल्याला भंगारवाल्याकडे जायचंय. पुण्याच्या जुन्या बाजारात नाही, थेट कैरोला. काळ साधारण शंभर वर्षांपूर्वीचा.

राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२६ मध्ये इजिप्तला बदलून आला. केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या गाड्यांनी वाळवंटात घुसायचा. फोर बाय फोर वगैरे काही नाही हं! ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मऊ वाळू आली की गाडी रुतलीच.

उपाय सापडला भंगाराच्या दुकानात. पहिल्या महायुद्धात जमिनीखालच्या खंदकांवर छप्पर घालायला बनवलेल्या जड पोलादी पट्ट्या तिथे पडल्या होत्या. मागच्या चाकांपुढे त्या टाकल्या की चाकाला पकड मिळायची आणि गाडी बाहेर यायची. आज ऑफ-रोडवाले टपावर रंगीत रिकव्हरी बोर्ड लावून फिरतात ना, त्यांचे हे आजोबा.

दुसरी अडचण पाण्याची. रेडिएटर उकळला की वाफ उडून जायची, आणि वाळवंटात पाणी संपलं म्हणजे माणूस संपला. मग त्यांनी वाफेची नळी गाडीच्या बाजूला बसवलेल्या एका डब्यात सोडली. डब्यातल्या पाण्यात वाफ थंड व्हायची. गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवली की इंजिन निवायचं आणि तेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढलं जायचं. एक डबा, एक नळी, बस्स!

१९४० मध्ये बॅगनॉल्डने याच अनुभवावर सैन्यासाठी तुकडी उभी केली, ती पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणून ओळखली गेली. शेवरलेचे ट्रक घेतले, दारं काढून टाकली. पुढे भारतीय सैनिकांचं इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही या कामात उतरलं. फोटो बघा, पोलादी पट्ट्या ट्रकच्या बाहेरच्या अंगाला टांगलेल्या दिसतात. कारण साधं आहे. गाडी रुतल्यावर लागणारी वस्तू पंधरा पेट्यांखाली असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

उलट उदाहरणही तिथलंच. ब्रिटिशांचं पेट्रोल यायचं चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांत. स्वस्त, पण आदळआपट झाली की गळायचे. रिकामे झाल्यावर सैनिक ते अर्धे कापायचे, आत वाळू आणि पेट्रोल घालून त्यावर चहा उकळायचे! म्हणजे डबा चूल म्हणून उत्तम, डबा म्हणून बेकार. जर्मनांचा कॅन २० लिटरचा, मजबूत, वर तीन मुठी. दोघांनी उचलता यावा, रिकामे असतील तर एका हातात दोन धरता यावेत, असा विचार करून बनवलेला. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, म्हणून तो जेरीकॅन. शेवटी ब्रिटिशांनीही तोच बनवायला घेतला.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे अशा गोष्टीला लगेच 'जुगाड' म्हणून टाळ्या मिळतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'चालतंय ना, मग राहू दे' हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकतो. बॅगनॉल्ड 'चालतंय' वर थांबला नाही. मोहिमेमागून मोहिमेत तेच सामान वापरून पाहिलं, सुधारलं. पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते हे त्याने प्रयोगशाळेत मोजलं आणि १९४१ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या एका पट्ट्याला आज त्याचं नाव आहे.

तुमच्यापैकी कुणी जुन्या जीपला भंगारातल्या अँगल-पत्र्याची पेटी करून घेणार असेल, तर जरूर करा. फक्त वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी कागदावर लिहा: गाडी अडकली तर पहिल्यांदा काय लागेल, दुसऱ्यांदा काय? पेटीचं डिझाइन त्या यादीतून निघू दे. पत्रा भंगारातला चालेल, विचार नको.

भेटू पुढच्या भागात!