दुर्गाच्या पायथ्याचा जिवंत तट

आमच्या बुलढाण्यापासून समुद्र शंभर कोसांहून दूर. तरीही मीं पुष्कळ वर्षें येथील मुलांना सिंधुदुर्गाचा इतिहास शिकविला. १६६४ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातला, हें मुलें घडाघडा म्हणत. परंतु त्या तटाखालीं पाण्यांत काय आहे, हें ना कोणीं विचारलें, ना मला सुचलें. त्या अज्ञानाची ही अल्प भरपाई.

दुर्गाच्या परिसरांत, खडकांवर विखुरलेली, प्रवाळांची वस्ती आहे. माळेंतील तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. येथला प्राणी इवलासा. परंतु लाखोंच्या संख्येनें तो चुन्याचीं घरें बांधतो व त्यांच्या आश्रयानें मासळी वाढते. त्याच्या देहांत सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाडास असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसतें. रंगही बहुतांशीं त्याचाच. १९८७ सालीं हा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

हा संसार उष्णतेनें मोडतो. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं प्रवाळ त्या बिऱ्हाडकरूस घालवून देतें व पांढरें पडतें. यास विरंजन म्हणतात. पाणी वेळींच निवलें तर शेवाळ परततें. नाहींतर प्रवाळ उपासमारीनें मरतें.

१९९८ सालीं हें संकट जगभर आलें. आपल्या लक्षद्वीपाची मोठी हानि झाली. २०१० मध्यें व पुढें २०१४ ते २०१७ या काळांत तोच तडाखा बसला. मालवणच्या प्रवाळांचें विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीं २०१५ सालीं नोंदविलें. चौथी जागतिक लाट २०२३ मध्यें सुरू झाली.

कोळसा व तेल जाळून मानवानें पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. आमच्या गांवचे दिवेही बव्हंशीं कोळशाच्या विजेवर लागतात. तेव्हां समुद्र आमच्यापासून दूर, हें म्हणणें भूगोलापुरतेंच खरें.

सिंधुदुर्गाच्या तटानें साडेतीनशेंहून अधिक पावसाळे सोसले. त्याचा चिरा निखळला तर गवंडी बसवूं शकेल. पायथ्याचा जिवंत तट एका उन्हाळ्यांत मरूं शकतो, आणि तो पुन्हां वाढावयास कित्येक वर्षें लागतात. यापुढें सिंधुदुर्गाचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकानें मुलांस पाण्याखालींही पाहावयास सांगावें, एवढीच विनंती.