‘दोन अनाथ मुली’च्या मागावर

आदोल्फ देनरी आणि युजेन कोरमाँ या जोडीचे ‘दोन अनाथ मुली’ हे नाटक फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासात शोधायला गेले, तर हाती फारसे काही लागत नाही. मेलोड्रामाकडे वाङ्मयाचे इतिहासकार नाक मुरडूनच पाहत आले. पण 20 जानेवारी 1874 रोजी पॅरिसच्या पोर्त सॅं-मार्तॅं नाट्यगृहात या नाटकाचा पडदा वर गेला आणि वर्ष सरायच्या आत ते लंडन आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पोहोचले होते. पुढे त्याचे मूकपट झाले, बोलपट झाले. या प्रवासाचा माग हे पुस्तक काढते.

कथा अशी. आँरिएत आणि तिच्याबरोबर वाढलेली आंधळी लुईझ उपचाराच्या आशेने पॅरिसला येतात. आल्या आल्याच आँरिएतला एका उमरावाची माणसे पळवतात, आणि रस्त्यात एकटी पडलेली लुईझ फ्रोशार नावाच्या भिकारणीच्या तावडीत सापडते. फ्रोशार तिला गल्लोगल्ली गायला लावून पैसे मिळवते. पुढे एका प्रवेशात लुईझची खरी आई, एक काउंटेस, आँरिएतच्या खोलीत बसलेली असते. खालून गाणे ऐकू येते. आँरिएत खिडकीकडे धावते, हाक मारते, आणि नेमके तेव्हाच पोलीस तिला धरायला दारात येतात. गाणे लांब जाते.

असे योगायोग कुठे घडतात का, ही टीका जुनी आहे. मला मात्र या प्रवेशात पक्की कारागिरी दिसते. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलीची ओळख पटते ती तिच्या आवाजावरून. ते गाणे काढले तर प्रवेशच कोसळेल. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

लंडनसाठी जॉन ऑक्सनफर्डने, तर अमेरिकेसाठी हार्ट जॅक्सनने रूपांतर केले. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर थिएटरात डिसेंबर 1874 मध्ये केट क्लॅक्स्टन लुईझ म्हणून उभी राहिली आणि ही भूमिका तिने पुढे वर्षानुवर्षे केली. 5 डिसेंबर 1876 च्या रात्री ती ब्रुकलिनमध्ये हेच नाटक करत होती. शेवटच्या अंकाच्या सुमारास रंगमंचामागे गॅसच्या दिव्याने नेपथ्याचे कापड पेटले. घाबरू नका, जागेवर बसा, असे ती आणि तिचे सहकारी लोकांना विनवत राहिले. किमान 278 माणसे गेली. त्यांतली बहुतेक सर्वांत वरच्या, स्वस्त तिकिटाच्या गॅलरीतली होती. तिथून उतरायला एकच जिना होता. मेलोड्रामाचा प्रेक्षक कोण होता आणि त्याला कुठे बसवले जाई, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. नाट्यगृहाचा नकाशा हे नाट्यसंहितेइतकेच महत्त्वाचे साधन आहे, असे मी मानतो ते यामुळेच.

1921 मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथने लिलियन आणि डोरोथी गिश या सख्ख्या बहिणींना घेऊन ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ काढला. मूळ कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीची. त्याने ती थेट क्रांतीत नेली. दाँतों, रोबेस्पिएर, गिलोटीन, शेवटची घोडदौड, यांतले काहीच नाटकात नाही. रशियातली क्रांती तेव्हा ताजी होती, आणि बोल्शेव्हिझमपासून सावध राहा, असे चित्रपटाच्या पाट्याच बजावतात. याला मूळ कृतीची मोडतोड म्हणून बाजूला सारले, तर अभ्यास तिथेच थांबतो. त्या घडीला अमेरिकन प्रेक्षकाला कशाची धास्ती वाटत होती, हे इथे उघड होते. मोरिस तूर्नरचा 1933 चा फ्रेंच बोलपट असो, की 1940 च्या दशकाअखेरीस हसन अल-इमामने फातेन हमामाला घेऊन कैरोत केलेला चित्रपट, प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला हवा: इथे काय बदलले, आणि कोणासाठी?

नव्या अभ्यासकाचे फ्रेंचवाचून अडणार नाही. जॅक्सनचे रूपांतर छापील आहे, ग्रिफिथचा चित्रपट सहज पाहता येतो. दोन्हींतला खिडकीचा प्रवेश शेजारी शेजारी ठेवावा. गाणे कधी सुरू होते, पोलीस कधी येतात, काउंटेस कुठे आहे, हे टिपून घ्यावे. ज्या प्रवेशाचा सारा भार गाण्यावर, तो ग्रिफिथने आवाज नसलेल्या पडद्यावर कसा पेलला, हा पहिल्या प्रकरणाचा विषय आहे.