दाइनांचे कपाट : लोकगीतांच्या चिठ्ठ्या आणि एका राष्ट्राची ओळख

१/१२
लाट्विया हा बाल्टिक समुद्राच्या काठावरील छोटा देश. त्याची राजधानी रीगा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात एक लाकडी कपाट जतन केलेले आहे. त्यात कागदाच्या २,६८,८१५ चिठ्ठ्या आहेत आणि त्यांवर लोकगीते लिहिलेली आहेत. लाट्वियाच्या इतिहासात या कपाटाला जे स्थान आहे, ते इतरत्र राजमुकुटाला असते. ते कसे मिळाले, याविषयी हा थ्रेड.

२/१२
लाट्वियन लोकगीताला ‘दाइना’ म्हणतात. बहुतेक दाइना अवघ्या चार ओळींच्या असतात. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीप्रमाणे त्या मुख्यतः स्त्रियांनी जपल्या. पेरणी, सूतकताई, लग्न, मृत्यू, वर्षातील सर्वांत लहान रात्रीचा उत्सव अशा प्रत्येक प्रसंगाच्या दाइना आहेत. त्यांत सूर्य ही देवी आहे आणि लाइमा ही भाग्यदेवता. राजांच्या पराक्रमाची वर्णने मात्र जवळजवळ नाहीत.

३/१२
याचे कारण इतिहासात आहे. तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांनी हा प्रदेश जिंकला. पुढे पोलंड, स्वीडन व रशिया अशा सत्ता बदलत गेल्या. पण जमीन मोठ्या प्रमाणावर जर्मनभाषक सरदारांकडेच राहिली. बहुसंख्य लाट्वियन शेतकरी भूदास होते. ही भूदासप्रथा कुर्झेमे प्रांतात १८१७ मध्ये, विद्झेमेत १८१९ मध्ये, तर लाटगालेत थेट १८६१ मध्ये संपली.

४/१२
ज्यांच्याकडे स्वतःचे राज्य नव्हते, त्यांना इतिहास तरी आहे का, असा प्रश्न तेव्हाचे सुशिक्षित जग विचारत असे. जर्मन विचारवंत योहान गोटफ्रीड हेर्डर १७६४ ते १७६९ या काळात रीगामध्ये शिक्षक होता. लोकसमूहाचे अंतरंग त्याच्या गीतांत प्रकटते, असे त्याने मांडले. १७७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लोकगीतसंग्रहात काही लाट्वियन गीतेही होती.

५/१२
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलेल्या लाट्वियन तरुणांनी हा विचार उचलला. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५-१९२३) त्यांपैकी एक. त्याने तार्तू विद्यापीठात गणित व खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि सेंट पीटर्सबर्गहून १८६२ ते १८६५ या काळात निघालेल्या लाट्वियन वृत्तपत्रात काम केले. ते बंद पडल्यावर उपजीविकेसाठी त्याने रशियात अनेक वर्षे खासगी शिक्षकाची नोकरी केली.

६/१२
१८७८ मध्ये फ्रिट्सिस ब्रिव्झेम्निएक्स या संग्राहकाने आपल्याकडील लोकगीते बारोन्सच्या हवाली केली. त्यात खेडोपाडीच्या शिक्षकांनी व शेतकऱ्यांनी उतरवून पाठवलेल्या गीतांची भर पडत गेली. चिठ्ठ्या आवरेनात, तेव्हा १८८० मध्ये बारोन्सने मॉस्कोत खास कपाट बनवून घेतले. त्यात ७० खण होते आणि प्रत्येक खणात २० लहान कप्पे.

७/१२
खरे काम वर्गीकरणाचे होते. एकच गीत वेगवेगळ्या गावांत थोड्याफार फरकाने गायले जाई. बारोन्सने एक पाठ मुख्य धरून इतर पाठ त्याखाली नोंदवले. त्याने मांडणीसाठी मुख्यतः माणसाच्या आयुष्याचा क्रम घेतला : जन्म, बालपण, विवाह, वार्धक्य, मृत्यू, त्याच्या जोडीला शेतीची कामे व सण. शेतकऱ्याचा जीवनक्रम हाच अशा रीतीने ग्रंथाचा सांगाडा झाला.

८/१२
‘लात्व्यु दाइनास’ हा संग्रह १८९४ ते १९१५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात २,१७,९९६ गीते आहेत. पहिल्या खंडानंतरचे खंड सेंट पीटर्सबर्गच्या शाही विज्ञान अकादमीने छापले. म्हणजे साम्राज्यानेच आपल्या एका अंकित समाजाचा ठेवा छापून दिला. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी लाट्विया स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली. रशियन व जर्मन साम्राज्ये कोसळल्याविना ते शक्य नव्हते. पण ‘आपण एक समाज आहोत’ ही जाणीव त्याआधीच तयार होती.

९/१२
१९४० मध्ये सोव्हिएत संघाने लाट्विया व्यापला. मार्च १९४९ च्या एकाच मोहिमेत सुमारे ४२,००० लोकांना सायबेरियाकडे हद्दपार करण्यात आले. १८७३ पासून चालत आलेला गीतमहोत्सव मात्र बंद झाला नाही. सत्तेने तो आपल्या सेवेस जुंपला. लेनिन व स्टालिन यांची स्तुतिगीते त्यात आली आणि लोकगीतांना घोटीव, मंचीय रूप देण्यात आले. गीतांचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनीही ओळखले होते.

१०/१२
१९७६ मध्ये ‘स्कांदिनिएकी’ हा गट स्थापन झाला. जुनी गीते खेड्यात गायली जात तशीच, साध्या आवाजात गाण्याचा त्याचा आग्रह होता. अधिकाऱ्यांना त्यात राष्ट्रवादाचा वास आला. १९८५ मध्ये, बारोन्सच्या १५० व्या जन्मवर्षी, तुराइदा येथील टेकडीवर दाइनांवर आधारित शिल्पांचे उद्यान उभे राहिले. जुलै १९८८ च्या ‘बाल्टिका’ लोककला महोत्सवाच्या मिरवणुकीत तर दीर्घकाळ बंदी असलेला लाल-पांढरा-लाल राष्ट्रध्वज उघडपणे फडकला.

११/१२
२३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाट्विया व लिथुआनिया या तीन देशांतील लाखो लोकांनी सहाशेहून अधिक किलोमीटरची मानवी साखळी केली. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत कारवाईच्या भीतीने रीगात अडथळे उभारले गेले, तेव्हा लोकांनी शेकोट्यांभोवती गात रात्री जागवल्या. त्या दिवसांत माणसे मारलीही गेली. २१ ऑगस्ट १९९१ रोजी लाट्वियाने पूर्ण स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केले. या काळाला ‘गाती क्रांती’ म्हणतात.

१२/१२
दाइना बंडासाठी रचलेल्या नव्हत्या. त्यांचे बळ त्या सर्वांना पाठ असण्यात होते : पुस्तके जप्त होतात, ध्वज उतरवले जातात, पण आजीने नातीला शिकवलेली चार ओळींची दाइना कोणत्याच हुकुमाच्या हाती लागत नाही. २००१ मध्ये युनेस्कोने बारोन्सच्या कपाटाचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला. त्याआधीच स्वतंत्र लाट्वियाने आपल्या १०० लात्सच्या नोटेवर बारोन्सचे चित्र छापले होते. ज्या गायिकांनी त्या दाइना जपल्या, त्यांतील बहुतेकींची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांचे शब्द मात्र त्या चिठ्ठ्यांवर आहेत.