शताब्दीची वाट न पाहणारी तबकडी

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत जुनी गाणी पुन्हा बाहेर निघतात. तबकडी कोणत्या साली निघाली, तिला किती वर्षं झाली, हे कोणी मोजत बसत नाही. परदेशात मात्र गाजलेल्या तबकड्यांचेही वाढदिवस करतात. पन्नास-साठ वर्षं झाली की त्यांवर लेख लिहिले जातात, लोक त्या पुन्हा ऐकतात. अशाच एका तबकडीला 2020 साली साठ वर्षं पूर्ण झाली. ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची असली तरी आपल्या माणसांनी तिची ओळख करून घ्यावी असं मला वाटतं. बाबासाहेबांनी 1946 साली त्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, म्हणजे ही ओळख काही आजची नाही.

तबकडीचं नाव 'वी इन्सिस्ट!' आणि तिचा कर्ता ढोलवादक मॅक्स रोच. गंमत अशी की हे काम मुळात एका वर्धापनदिनासाठीच हाती घेतलं होतं. अब्राहम लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. त्याची शताब्दी 1963 साली येणार, म्हणून रोच आणि गीतकार ऑस्कर ब्राउन यांनी गाणी रचायला घेतली. पुढे शेवट कसा करावा यावरून दोघांचं बिनसलं, पण ते असो.

मध्येच 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले आणि खाण्याच्या टेबलाशी बसले. दुकानात वस्तू विकत घ्यायला त्यांना मनाई नव्हती. पैसे चालायचे, पण शेजारी बसून कॉफी पिणं चालत नव्हतं. ज्यांच्या घरात वेगळ्या कपबशीची आठवण आहे, त्यांना मी हे काय समजावून सांगू? पोरं उठली नाहीत, दुसऱ्या दिवशी आणखी आली. 25 जुलैला ते टेबल सगळ्यांसाठी खुलं झालं.

रोचचा जन्मही त्याच राज्यातला. तो शताब्दीसाठी थांबला नाही. 31 ऑगस्ट आणि 6 सप्टेंबर 1960 या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण उरकलं. वेष्टनावरच्या फोटोत तीन कृष्णवर्णीय माणसं खाण्याच्या टेबलाशी बसून सरळ आपल्याकडे बघताहेत आणि पलीकडे गोरा वाढपी उभा आहे.

पाचच रचना आहेत. पहिल्या गाण्यात गुलामांवर देखरेख करणारा मुकादम आहे. पाच मात्रांचा ठेका, आणि पहिल्या मात्रेवर असा आघात की चाबूकच वाटावा. दुसऱ्यात मुक्तीची बातमी आलीय, पण ऐकणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. त्यानंतरची रचना मला सर्वांत मोठी वाटते. ॲबी लिंकन ही गायिका आणि रोचचा ढोल, बाकी कोणी नाही. शब्दही नाहीत. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. निषेधाच्या भागात ॲबी मिनिटभराहून जास्त वेळ नुसती किंचाळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आवाज कमी केला, शेजारी काय म्हणतील म्हणून! मग लाज वाटली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्या किंकाळीशिवाय पुढची शांती ऐकूच येत नाही.

चौथ्या रचनेत आफ्रिकेतल्या जमातींची नावं घेतली आहेत. शेवटची जोहान्सबर्गच्या अश्रूंची. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथं 21 मार्च 1960 रोजी पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, त्यात 69 माणसं मेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ही रचना मुद्रित झाली.

रोच 2007 मध्ये गेला, ॲबी 2010 मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2022 साली ही तबकडी जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. ज्या शताब्दीसाठी गाणी रचायला घेतली, ते 1963 साल उजाडलं तेव्हाही दक्षिणेतल्या अनेक खाणावळींत कृष्णवर्णीयांना बसायची बंदीच होती. ती बेकायदा ठरवणारा कायदा 2 जुलै 1964 ला झाला, जाहीरनाम्यानंतर 101 वर्षांनी.