सत्तावीस ऑक्टोबरची पहाट



आमचे हसनाबाद आज जालना जिल्ह्यात मोडते. १९८१ पूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. ह्या भोकरदन तालुक्याची हद्द बुलढाणा जिल्ह्यास, म्हणजे वऱ्हाडास, भिडलेली. बोली एक, सोयरीक एक. तरी १९३७ साली पलीकडच्या पाहुण्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळासाठी मते दिली, आणि अलीकडे साधी सभा भरवावयाची तरी ‘गश्ती निशान ५३’ प्रमाणे आधी सरकारची परवानगी! वऱ्हाडही नावापुरते निजामाचेच होते, ही त्यातली मौज.

जर्मनीत लोकशाही कशी बुडाली हे मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकविले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला आणि २३ मार्चला तेथील लोकसभेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार आपल्याच हातांनी त्याच्या स्वाधीन केले. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, आपल्याकडे असे झाले होते काय?” आमच्या संस्थानात बुडावयास लोकशाही होतीच कोठे, असे उत्तर मी तेव्हा देऊन टाकले. ते अपुरे होते, असे मला पुढे वाटू लागले. झाड नव्हते हे खरे, पण अंकुर होता.

१९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिजवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ प्रभृतींनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. १९३९ साली सरकारने सुधारणा जाहीर केल्या. ८५ सभासदांचे विधिमंडळ, त्यांपैकी ४२ निवडलेले, आणि त्या जागा हिंदू व मुसलमान यांत निम्म्यानिम्म्या. संस्थानची वस्ती सुमारे १ कोटी ६० लक्ष, तीत चार-पंचमांशांहून अधिक हिंदू! हेही प्रत्यक्षात यावयास १९४६ उजाडले. बंदी त्याच वर्षी उठली होती, परंतु स्टेट काँग्रेसने ह्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. प्रजेस ते सभागृह आपले वाटले नाही, आणि इत्तेहादुल मुसलमीनच्या दृष्टीने तेवढेही देणे अधिकच होते. ज्या सभागृहाचा कोणी वालीच नव्हता, त्याच्या रक्षणास कोण धावणार?

इत्तेहादची स्थापना १९२७ ची. राज्याची सत्ता एकट्या निजामाची नसून तेथील प्रत्येक मुसलमानाची आहे, हा तिचा सिद्धांत. बहादुर यार जंग १९४४ साली निवर्तले. पुढे नेतृत्व लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आले आणि स्वयंसेवकांचे सशस्त्र रझाकार दल फोफावले.

आता ती पहाट. भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार करावा, असे निजामाच्या कार्यकारी मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरविले होते. निजामाची संमतीही मिळाली होती. सही तेवढी राहिली होती. पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन आणि सर सुलतान अहमद हे तिघे दिल्लीस निघावयाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी उजाडण्यापूर्वीच हजारोंच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा दिला. पोलीस फिरकले नाहीत; शेवटी लष्कराने त्यांची सुटका केली. निजामाने आपला निर्णय फिरविला, छत्तारी पायउतार झाले आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. गमतीची गोष्ट अशी की, २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर. मग वेढा कशासाठी? माझ्या मते राज्यात हुकूम कोणाचा चालतो, हे दाखविण्यासाठी. ते दिसले, आणि खेडोपाडीच्या अंमलदारांनाही दिसले. जर्मनीत निदान मते मोजली गेली. आमच्याकडे मोजून झालेली मते एका पहाटेत रद्द झाली.

हा हिंदूंचा आणि मुसलमानांचा तंटा, असे अजूनही पुष्कळजण समजतात. मला ते पटत नाही. ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असे उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री त्यांचा खून झाला. स्वतःच्या समाजातील असा आवाज रझाकारांना अधिक झोंबत असावा.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने हार मानली. पुढे काय झाले हे आपण मराठवाड्यातील लोक भाषणांत सांगत नाही, म्हणून सांगतो. रझाकारांच्या पापाचा सूड कित्येक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज निदान २७,००० ते ४०,००० असा दिला. तो अहवाल पुष्कळ वर्षे दडून होता.

१९५१-५२ च्या निवडणुकीत प्रौढ मतदान आले. १९३७ साली वऱ्हाडातही मत थोड्यांनाच होते. ह्या खेपेस आमच्या तालुक्यातील शेतमजूर, बायाबापड्या आणि मुसलमान शेजारी ह्या साऱ्यांस मताचा हक्क होता.