मेंढा (लेखा) : राखणारा कोण, मालक कोण?

आज आपण गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गोंड गावाचा इतिहास पाहू. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). आपला प्रश्न एवढाच आहे : जंगल सर्वांचं असेल तर ते राखतं कोण?

1968 साली गॅरेट हार्डिन यांनी याचं निराशाजनक उत्तर दिलं. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपलं आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच संपतं. म्हणून एक तर सरकार हवं, नाही तर खासगी मालक. आता गंमत बघा, हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत!

मेंढ्यातले लोक मात्र बोलत होते. 1950 नंतर जमीनदारी गेली आणि जंगल सरकारच्या ताब्यात आलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणारा माणूस कागदावर परका झाला. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यातून इथली माणसं एकत्र बसायला शिकली. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या प्रवासाशी जोडलेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. वेळ लागतो, कबूल. पण ज्या नियमाला मी स्वतः ‘हो’ म्हटलंय, तो मोडायचा म्हणजे मला आधी माझाच शब्द मोडावा लागतो. त्यासाठी चौकीदार लागत नाही.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी, सामाईक संपत्ती लोक स्वतः राखू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

पण हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला, असं नव्हे. 1927 च्या वन कायद्यात 2017 पर्यंत बांबू म्हणजे ‘झाड’ होतं, नव्या कायद्यात तो गौण वनोपज. वाहतूक परवाना वनखात्याकडे, म्हणजे बांबू तोडला तरी बाहेर नेणार कसा? अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्काची किल्ली त्या साध्या पुस्तकात होती, बरं का!

पुढे 2013 मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेला देण्याचं ठरवलं. म्हणजे सामाईकपण जंगलातून शेतापर्यंत आलं.

वनहक्क कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं. लोकांना अधिकार दिला तर जंगल संपेल, असं आपण सहज म्हणतो. पण ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच नाही, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा कुठल्या न्यायाने करायची? याचं उत्तर अजून अनेक गावांना मिळायचं आहे.