तबकडीचा प्रवास आणि कव्वालाचा प्रवास

मधल्या सुट्टीत दहावीच्या मुलांचे एक भांडण आमच्यापर्यंत आले. भांडण मायकेल जॅक्सनवरून होते. एकाचे म्हणणे असे की, जगात सर्वांत जास्त खपलेला अल्बम म्हणजे ‘थ्रिलर’, पण त्या अल्बमसाठी मायकेलने स्वतःच्या एकट्याच्या मैफलींचा दौरा काढलाच नाही. दुसरा म्हणत होता, असे होऊच शकत नाही. रेकॉर्ड एवढी गाजली की गाणारा गावोगाव जाणारच, नाही तर लोकांना कळणार कसे? निवाडा करायला मुलांना इतिहासाचे सर सापडले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो, पण आमच्या पाठ्यपुस्तकात ना मायकेल आहे, ना कव्वाली.

पहिल्या मुलाचे बरोबर होते. ‘थ्रिलर’ नोव्हेंबर १९८२ मध्ये बाजारात आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये मायकेलला एका रात्रीत आठ ग्रॅमी पारितोषिके मिळाली. तोवर त्याने या अल्बमसाठी दौरा काढला नव्हता. लोकांपर्यंत तो गेला दूरदर्शनच्या पडद्यावरून. मे १९८३ मध्ये एका कार्यक्रमात त्याने मागे सरकत चालण्याची ती प्रसिद्ध चाल दाखवली आणि वर्षअखेर ‘थ्रिलर’ची छोटी फिल्म आली. जुलै १९८४ मध्ये दौरा निघाला खरा, पण तो भावांबरोबरचा, ५५ कार्यक्रमांचा. त्यात ‘थ्रिलर’ अल्बममधली इतर गाणी झाली, मात्र ‘थ्रिलर’ हे गाणेच गायले गेले नाही. एकट्याचा दौरा त्याने १९८७ मध्ये, पुढच्या अल्बमच्या वेळी काढला. मुंबईला तो आला १ नोव्हेंबर १९९६ रोजी, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, म्हणजे ‘थ्रिलर’नंतर चौदा वर्षांनी. त्या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक कराच्या माफीचे प्रकरण कोर्टकचेरीत फिरत राहिले आणि २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाला पुन्हा त्यावर निर्णय घ्यावा लागला. मैफल एका रात्रीची आणि कागद पंचवीस वर्षांचे, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब.

निवाडा झाला, मुले पांगली. पण दुसऱ्या मुलाचे वाक्य आमच्या मनातून जाईना. ‘लोकांना कळणार कसे?’ हा प्रश्न अमेरिकेत निकालात निघाला असेल, आमच्या मराठवाड्यात तो वेगळ्याच पद्धतीने सुटला होता. त्यासाठी मायकेलला सोडून मुंबईच्या कव्वालांकडे जावे लागते.

१९५८ साली ‘अल हिलाल’ नावाचा चित्रपट आला. चित्रपट आज कोणाला आठवत नाही, पण त्यातली इस्माईल आझाद यांची ‘हमें तो लूट लिया’ ही कव्वाली आठवते. शेवन रिझवींचे शब्द, बुलो सी. रानींचे संगीत. कव्वाली दर्ग्याच्या अंगणातून निघून इराण्याच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात आणि बँडवाल्यांच्या पिपाणीत गेली, त्यात या एका तबकडीचा वाटा मोठा आहे. इस्माईल आझाद यांच्या पार्टीत पुढे दोन माणसे तयार झाली, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने दोघेही महत्त्वाचे. एक अझीज नाजाँ, दुसरे प्रल्हाद शिंदे.

अझीज नाजाँ मुंबईत स्थायिक झालेल्या मलबारी मुसलमान घराण्यातले. जन्म १९३८. घरच्यांना गाणेबजावणे पसंत नव्हते, हे सांगायला नको. आपल्याकडे कोणत्या घरात पसंत होते? १९७० च्या सुमारास त्यांची ‘झूम बराबर झूम शराबी’ ही तबकडी निघाली आणि हिंदुस्थानभर वाजली. आधी तबकडी, मग चित्रपट, असा तिचा उलटा प्रवास आहे. आय. एस. जोहर यांनी १९७४ च्या ‘फाइव्ह रायफल्स’मध्ये ती घेतली तेव्हा ती लोकांना पाठ झालेली होती. म्हणजे या तबकडीला चित्रपटाचीही गरज नव्हती. मग दौऱ्याची होती काय?

तबकडीला नव्हती. कव्वालाला होती.

कव्वालाची पार्टी म्हणजे आठ-दहा माणसांचे कुटुंब. हार्मोनियम, बेंजो, ढोलक, तबला, आणि मागे टाळी देणारे हमनवा. तबकडी एकदा भरली जाते, पण या सगळ्यांची चूल रोज पेटवावी लागते. तबकडीच्या खपावर गायकाला कायमचा वाटा मिळावा की नाही, यावर १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यासारख्या शिखरावरच्या गायकांतसुद्धा बेबनाव झाला होता. तिथे कव्वालाच्या हमनव्याची काय कथा! त्याचे पोट कार्यक्रमावर. उरूस, संदल, लग्न, गणेशोत्सव, जयंती, जिथून सुपारी येईल तिथे पार्टी जाई. ठरलेली बिदागी वेगळी आणि श्रोत्यांनी उठून दिलेला नजराणा वेगळा. नजराणा चांगला पडला की बेंजोवाल्याच्या बोटांनाही बळ येई.

अशा वेळी तबकडीचे काम काय? भिंतीवरच्या पोस्टरवर नावापुढे एक शब्द वाढवणे, ‘फेम’. अमुक कव्वाली फेम. या एका शब्दाने बिदागी चढते. अमेरिकेत रेकॉर्ड खपावी म्हणून दौरा काढतात असे मुलांनी वाचले होते. आमच्याकडे दौरा मिळावा म्हणून रेकॉर्ड काढत. मुंबईच्या कव्वालांचा साठ-सत्तरच्या दशकांतला इतिहास वाचताना हे उलटे गणित ध्यानात ठेवले नाही तर काहीच उमगत नाही. शकीला बानो भोपाली आणि जानी बाबू, युसूफ आझाद आणि रशीदा खातून, यांचे मुकाबले लोक रात्र रात्र बसून ऐकत. त्यातली सवाल-जवाबाची खुमारी तबकडीच्या तीन-चार मिनिटांत मावणारच नव्हती. तबकडी म्हणजे दारावरची पाटी, घर आत होते.

मराठवाड्यात या पार्ट्यांना श्रोता मिळे त्याचे कारणही इतिहासात आहे. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे कव्वाली ऐकायला बसलेल्या मंडळींत देशमुख असत, मारवाडी व्यापारी असत, मिसिल आणि मुन्सफ हे शब्द ज्यांच्या तोंडी होते असे म्हातारे वकील असत. शेराला दाद द्यायला कोणाला अनुवाद लागत नसे. मात्र इथवर पोहोचणे सोपे नव्हते. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातला एक तालुका, जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सत्तरच्या दशकात मुंबईहून रेल्वेने यायचे तर मनमाडला उतरून मीटर गेजची गाडी धरायची, आणि पूर्ण्याला पुन्हा गाडी बदलायची. हार्मोनियमची पेटी डोक्यावर घेऊन एवढा प्रवास कोण कशासाठी करील? बिदागीसाठीच.

नामवंतांची सुपारी परवडत नसे तेव्हा गावे काय करत, हे आमचे अब्बा सांगतात. त्यांच्या तरुणपणी उरुसात जवळपासची एखादी पार्टी बोलावली जाई. हम्द झाली, नात झाली, मनकबत झाली, की मागून आवाज येई, ‘झूम बराबर!’ कमिटीतले वडीलधारे कपाळाला आठ्या घालत. दर्ग्याच्या दारात दारूची कव्वाली म्हणजे काय! कव्वाल हात जोडून म्हणे, हुजूर, फर्माइश आहे. आणि मग ती सुरू होई, अझीज नाजाँच्याच ढंगात, त्याच जागी आवाज फोडून. अब्बांनी अझीज नाजाँना कधी समोर पाहिले नाही. पण ती कव्वाली त्यांनी दर साली समोर बसून ऐकली, दर साली वेगळ्या माणसाच्या तोंडून.

इथे आम्हाला आमचाच निवाडा बदलावासा वाटतो. दौरा झाला नाही असे म्हणता येत नाही. दौरा झाला, तो गाण्याचा झाला. गायक मुंबईत राहिला आणि गाणे पन्नास गळ्यांतून कळमनुरी, वसमत, सेनगाव फिरून आले. प्रश्न एवढाच की त्या फिरण्याचा पैसा कोणाला मिळाला. फर्माइश पुरी करणाऱ्या कव्वालाला मिळाला, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही, त्यालाही घर होते. अझीज नाजाँना त्यातला छदाम मिळाला नसणार, पण निदान नाव मिळाले.

प्रल्हाद शिंद्यांची गोष्ट याच वाटेने पण मराठीतून गेली. मंगळवेढ्याचा हा माणूस इस्माईल आझाद यांच्या पार्टीत मागे बसून कोरस देत असे. तिथली टाळी, तिथली बारी, मिसरा उचलून पुन्हा पुन्हा फेकण्याची ती रीत त्यांनी आत्मसात केली आणि मराठी मंचावर आणली. तबकडीवर त्यांनी विठ्ठलाची गाणी गायिली, मंचावर भीमगीते गायिली. मराठवाड्यात जयंतीच्या रात्री होणारा गायनाचा सामना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्यात कव्वालीचा मुकाबला ओळखू येतो. आपल्या साहित्य संमेलनांत मुसलमानांनी मराठीला काय दिले याची चर्चा दर वेळी होते, शेख महंमदापासून अमर शेखांपर्यंत नावे घेतली जातात. त्यात या टाळीचे नाव आम्ही अजून ऐकलेले नाही.

दौरा न करता गाजण्याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या देशातलेही आहे. नाझिया हसन ही कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी मुलगी. १९८० च्या ‘कुर्बानी’त ती गायली, आणि १९८१ साली बिड्डू यांच्या संगीतात तिचा आणि भाऊ जोहेबचा ‘डिस्को दीवाने’ आला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शहरोशहरी मैफली करीत फिरणारी गायिका ती झाली नाही. पुढे तिने कायद्याची पदवी घेतली. मंचावर नाचगाणे करणाऱ्या मुलीकडे आपल्या समाजात कोणत्या नजरेने पाहिले जाते हे लक्षात घेतले तर, शाळेत बसून अख्ख्या उपखंडात वाजणारी ही मुलगी आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही. त्या तबकडीमागे पोट नव्हते, शिक्षणाचे दप्तर होते. शकीला बानोंच्या मागे पार्टी होती, त्यांना फिरावेच लागले. दोघींतली कोण स्वतंत्र होती, हे ठरवायची घाई आम्ही करणार नाही.

१९८० नंतर कॅसेट आली आणि तबकडी मोडीत निघाली. आमच्या लहानपणी बस स्टँडजवळच्या दुकानात कव्वालीच्या कॅसेटा भिंतभर लावलेल्या असत, त्यात खरी कोणती आणि भरून विकलेली कोणती, हे दुकानदाराला माहीत. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरवर बोट ठेवले. इशाच्या नमाजनंतर सुरू होणारी आणि फज्रला संपणारी मैफल दहा वाजता कशी मिटायची? नियम योग्य आहे, आजारी माणसाला झोप हवी, हे आम्हाला मान्य आहे. पण मुकाबला रंगायचा तोच मध्यरात्रीनंतर. अझीज नाजाँ तोवर गेले होते, ऑक्टोबर १९९२ मध्ये. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते. ‘झूम बराबर झूम शराबी’ लिहिली नाझा शोलापुरी यांनी. अझीज नाजाँची दुसरी अमर कव्वाली ‘चढता सूरज धीरे धीरे’ लिहिली कैसर रत्नागिरवी यांनी. तखल्लुस वाचा. एक सोलापूरचे, एक रत्नागिरीचे. उर्दू म्हणजे लखनौ-दिल्लीची मिरास समजणाऱ्यांना आणि मराठी मुसलमानाला उर्दूत उपरा समजणाऱ्यांना ही दोन नावे पुरेशी आहेत. सगळ्या हिंदुस्थानाला पाठ असलेल्या दोन कव्वाल्या आपल्या मातीतल्या शायरांनी लिहिल्या, आणि आमच्या शाळेतल्या एकाही शिक्षकाला त्यांची नावे सांगता आली नाहीत. आम्हालाही सांगता आली नव्हती, ती आम्ही नंतर शोधली.

शायराला दौरा नसतो. कव्वाल मंचावर बसतो, फेम त्याला मिळते, नजराणा त्याच्यासमोर पडतो. शायराचे नाव तबकडीच्या गोल कागदावर बारीक अक्षरात असते. कॅसेटच्या जमान्यात ते कागदावरूनही उडाले आणि मोबाइलवर तर बहुतेक वेळा गायकाचाच फोटो येतो. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि गीतकाराला मानधनाचा असा हक्क मिळाला, जो त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. फार चांगले झाले. पण सत्तरच्या दशकातल्या शायरांना तो कोणत्या तोंडाने सांगायचा? २०१७ च्या ‘इंदू सरकार’ चित्रपटात ‘चढता सूरज’ पुन्हा वाजली, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना ती नवी कव्वाली वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नववी-दहावीचा एकत्र तास घेतला. फळ्यावर दोन नावे लिहिली आणि भूगोलाचा नकाशा टांगला. मुलांनी सोलापूर लगेच दाखवले, रत्नागिरीला थोडा वेळ लागला. मायकेलचा वाद घालणाऱ्या मुलाने विचारले, “सर, हे दोघे कधी हिंगोलीला आले होते का?” आम्ही म्हटले, त्यांचे शब्द दर साली येत होते, तुझ्या आजोबांना विचार.

सोलापूर आणि रत्नागिरीच्या वाचकांना एक विनंती आहे. या दोघांपैकी कोणाची वही, पत्र, मुशायऱ्याचे हँडबिल किंवा नाव छापलेली जुनी तबकडी घरात असेल, तर रद्दीत देऊ नये. तिचा फोटो काढून संपादकांकडे पाठवावा. पुढच्या अंकात तो छापला गेला तर आम्ही वर्गात लावू.